नानकटाई, दोन आज्या आणि एक वजनकाटा

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर सकाळी सातच्या आत मेसेज पडला की समजायचं, आपल्याला काहीतरी करून न्यायचंय. या वेळी होता डिसेंबरातला फनफेअर, त्यात बेक सेल आणि खाली अटी: होममेड हवं, एगलेस हवं, नट-फ्री हवं, प्रत्येक पीस वेगळा पॅक केलेला हवा, इच्छुक मम्मांनी नावं कळवावीत. इच्छुक पप्पांबद्दल अवाक्षर नाही, ते बहुतेक पार्किंग सांभाळणार असावेत. मी मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि डबे भरायला लागले. पण दुपारी कन्यारत्न शाळेतून आलं ते बूट काढता काढताच म्हणालं, "मम्मा, मी मिसला सांगितलं तू डेझर्ट देणारेस, तू बेस्ट डेझर्ट बनवतेस." आता ही तिसरीतली मुलगी, हिने आजवर माझ्या हातचं डेझर्ट म्हणून जे काही खाल्लंय ते म्हणजे शिरा, आणि तोही आजीचा जास्त चांगला होतो असं तिनेच मला तोंडावर सांगितलेलं. बाहेर आईची इज्जत राखतात पोरं, घरात काढतात ती वेगळी.

ग्रुपवर तोवर लिलाव सुरू झालेला. एकीने रेड वेल्वेट कपकेक उचलले, एकीने बनाना मफिन, एकीने थेट फ्रेंच मॅकरॉन. त्यावर टाळ्यांचे इमोजी पडले आणि मग तासाभराने कुणीतरी हळूच विचारलं की मॅकरॉन बदामाच्या पिठाचे आणि अंड्याच्या पांढऱ्याचे असतात ना, म्हणजे एकाच पदार्थात दोन्ही अटी मोडल्या. ते मॅकरॉन संध्याकाळपर्यंत ब्राउनी झाले. नवरा म्हणाला मावा केक कर की, मेरवानसारखा. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं 1914 सालचं ते इराण्याचं दुकान, लग्नाआधी आम्ही सकाळी सकाळी तिथे भेटायचो, म्हणून याच्या मते जगातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मावा केकच. त्यात अंडी पडतात म्हटल्यावर त्याचं योगदान तिथेच संपलं.

मी नानकटाई लिहून मोकळी झाले. अंडं नाही, वरचा पिस्ता लावला नाही तर नटचा प्रश्न नाही, क्रीम नाही त्यामुळे बोरिवली ते शाळा रिक्षात वितळण्याची भीती नाही. आणि खरं कारण म्हणजे आईची नानकटाई. ती तोंडात टाकली की चावायलाच लागत नाही. फक्त ती रेसिपी जगात कुठेही लिहिलेली नाही.

फोन केला. "आई, नानकटाईचं माप सांग."

"तूप घ्यायचं चांगलं, फेसायचं, त्यात पिठीसाखर घालायची, आणि मावेल तेवढा मैदा."

"मावेल तेवढा म्हणजे किती?"

"अगं तुपाला विचार ना, मला काय विचारतेस."

आई लालबागची. आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हताच, चाळीत कुणाकडेच नव्हता, त्यामुळे दिवाळीच्या आधी आई मैदा, पिठीसाखर, तूप सगळं घरून डब्यात भरून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत घेऊन जायची आणि बेकरीवाला किलोवर भाजणावळ घ्यायचा. बायकांची ही रांग, प्रत्येकीच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये नावाची चिठ्ठी, आणि प्रत्येकीला एकच संशय की हा माणूस आपलं तूप काढून घेऊन डालडा घालणार. म्हणून आई भट्टीच्या तोंडाशी उभी राहून पहारा द्यायची, घामाघूम होऊन, आणि मी तिचा पदर धरून. तो लांब दांड्याच्या लाकडी फळीने ट्रे आत सरकवायचा तेव्हा आई त्याला "भैया, उजव्या कोपऱ्यात नको, तिथे जळतात" असं सांगायची. आयुष्यात कधी भट्टीला हात न लावता तिला कोपऱ्यांचा स्वभाव माहीत. या वेळीही तिचं पहिलं म्हणणं तेच होतं, बेकरीतच भाजून आणू. पण 2025 च्या जानेवारीत हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस-विजेसारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, त्या सगळ्या बदलाबदलीत तिच्या बेकरीवाल्याने बाहेरचे ट्रे घेणं बंद केलंय. त्यामुळे शनिवारी सकाळी आई करी रोडहून गाडी पकडून, दादरला बदलून बोरिवलीला हजर. सोबत कापडी पिशवीत तुपाचा डबा आणि पितळी परात, ताजी कल्हई केलेली. मी म्हटलं अगं माझ्याकडे परात आहे, तर म्हणे तुझी ती स्टीलची परात कणकेपुरती ठीक आहे.

इथे सांगायला हवं की घरात सासूबाई आहेत, आणि त्या वेंगुर्ल्याच्या. कन्येच्या भाषेत एक नुसती आजी आणि एक लालबागची आजी. (बाहेर कुणाला सांगितलं की "लालबागची आजी आलीये" तर समोरचा क्षणभर हातच जोडतो.) दोन्ही आज्यांचं एकमेकींशी अतिशय गोड आहे आणि तीच पंचाईत आहे. भांडल्या असत्या तर मधे पडता आलं असतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचं चालू दे, मी मेली काय बोलणार नाही हां." त्यानंतर दुपारी तीनपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

पहिला अडथळा नट-फ्रीचा. वाचताना सोपं वाटतं, पण मराठी स्वयंपाकघर नट-फ्री करून बघा एकदा. साबुदाण्याला कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, मिक्सरच्या मोठ्या भांड्यात तर त्याच सकाळी सासूबाईंनी आठवड्याचा कूट काढून ठेवलेला. आणि आई त्याच भांड्यात साखर दळायला निघालेली, नुसतं फडकं फिरवून. मी ओरडले की वर्गात दाण्याची अॅलर्जी असलेली मुलं असतील, एवढासा कण गेला तरी घसा सुजून श्वास अडकू शकतो, दवाखान्यात न्यावं लागतं. आई माझ्याकडे बघतच राहिली. "दाणे म्हणजे नट कुठे? दाणे उपासाला चालतात." सासूबाईंनी पण मान डोलावली. पहिल्यांदाच एकमत, तेही माझ्या विरुद्ध. शेवटी मिक्सरबरोबर आलेलं आणि कधीच न वापरलेलं छोटं भांडं माळ्यावरून काढलं, साबणाच्या गरम पाण्याने धुतलं, ओटा पुसला, चाळणीसुद्धा नवीन घेतली. आयसिंग शुगर आणायला मी तयार होते पण त्यात कॉर्नफ्लोर असतं हे पाकिटावर वाचून आईने ते पाकीट असं लांब धरलं की विचारू नका.

मग वजनाचं. मी ऑनलाइन मागवलेला डिजिटल काटा ओट्यावर ठेवला आणि म्हटलं आई, आज तू कर, मी फक्त मोजणार. ती म्हणाली, "मी काय सोनाराकडे आलेय?" एकतर परात त्या काट्यावर ठेवली की आकडाच परातीखाली झाकला जायचा. दुसरं म्हणजे ही बाई मैदा घालते तो मुठीने, बोलता बोलता, लक्ष दुसरीकडेच. आधी वाटीत काढून दे म्हटलं तर म्हणे वाटीत काढला की माझा हात चुकतो. मग मी युक्ती काढली ती अशी की परातीचं वजन करायचंच नाही, डब्यांचं करायचं. तुपाचा डबा आधी काट्यावर, आईने घेतल्यावर परत काट्यावर, जे कमी झालं ते परातीत गेलं. साखरेचं तसंच, मैद्याचं तसंच. कन्येला रफ वही देऊन वजाबाकीला बसवलं. तिला वाटलं खेळ आहे, मला वाटलं चला, सोमवारच्या गणिताच्या टेस्टची तयारी होतेय. आई होण्याचा एवढा एक फायदा आहे, कुठलंही फुकटचं काम अभ्यास म्हणून खपवता येतं.

आता फेसणं. हा भाग मला नीट लिहायचाय कारण व्हिडिओमध्ये तीन सेकंदात उरकतात. कणीदार तूप, वितळलेलं नाही, थिजून दगड झालेलंही नाही, असं परातीत घेऊन आई तळहाताच्या मागच्या भागाने गोल गोल रगडायला लागते, एकाच दिशेने. सुरुवातीला पिवळट, कणी हाताला लागते. मग कणी मोडते, मग हळूहळू रंग उतरत जातो, बांगड्यांचा आवाज लयीत येतो, आणि एका क्षणी ते तूप पांढरं आणि हलकं होतं, हात उचलला की त्याची टोकं उभी राहतात. म्हणजे त्यात हवा भरली गेली, तीच हवा पुढे नानकटाईला खुसखुशीत करते. मी मधे दोन मिनिटं हात लावला तर खांदा भरून आला. आईचं वय सत्तरीच्या पुढे, ती फेसता फेसता शेजारच्या बाईच्या सुनेचं काय झालं ते सांगत होती.

झालं की नाही बघायला तिची परीक्षा आहे, वाटीभर पाण्यात तुपाचा थेंब टाकायचा, तरंगला तर झालं. नेमका नवरा पाणी प्यायला आला आणि त्याने तोंड उघडलं, "आई, पण तूप पाण्यापेक्षा हलकंच असतं, न फेसताही तरंगणारच." आणि डब्यातलं साधं तूप चमच्याने टाकून दाखवलं. तरंगलं. स्वयंपाकघरात अशी शांतता. आईने एकदा वाटीकडे बघितलं, एकदा जावयाकडे, आणि म्हणाली, "हे नुसतं तरंगतंय. माझं कसं डौलात तरंगतंय ते बघा." जावई आहे म्हणून एवढ्यावर सुटला, मी असते तर वाटी डोक्यावर असती. तरी त्याचं समाधान नाही, मोबाइल काढून सांगतो की नानकटाईचं मूळ सुरतेत सांगतात, तिथल्या डच लोकांच्या बेकऱ्यांपासून सुरू झाली म्हणे. सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "सुरत महाराजांनी दोनदा लुटली, 1664 ला आणि 1670 ला. म्हणजे रेसिपी तेव्हाच आपल्याकडे आली असणार." याला काय उत्तर देणार. डच लोकांनी पण दिलं नसतं.

तर वहीतला हिशोब असा निघाला: तूप 200 ग्रॅम, पिठीसाखर 150, मैदा 250, बेसन 60, बारीक रवा 30, पाव चमचा खायचा सोडा, मिठाची चिमूट, वेलची आणि जायफळ मिळून छोटा चमचाभर. बेसन आणि रवा आईने न सांगता घातले, डब्याचं झाकण उघडलेलं दिसलं म्हणून कळलं. विचारलं तर म्हणे, "बेसन तर घालतातच, त्यात काय सांगायचं?" रवा सासूबाईंच्या सांगण्यावरून पडला असं सासूबाईंचं म्हणणं आहे. आईचं म्हणणं, ती घालणारच होती. मी दोघींना हो म्हटलं.

यात मळायचं नसतं हे मात्र दोघींना पक्कं माहीत होतं, कारण न सांगता. मैदा जास्त मळला की त्यातला चिकटपणा सुटतो, पोळीला तो हवा, नानकटाईला नको, नाहीतर ती कडक होते. बोटांनी फक्त गोळा करायचा, जमला की हात काढून घ्यायचा. कन्येला गोळे वळायला दिले, तेही काट्यावर, वीस वीस ग्रॅमचे, एवढ्या मिश्रणात चौतीसेक होतात. तिचे गोळे पंधरा ग्रॅमचे भरायला लागले तेव्हा बाकीचे पाच कुठे जातायत ते तिच्या मिशीवरून कळलं.

ओव्हन आमचा ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर. हौस म्हणून नाही, घरात 16 अँपिअरचं मोकळं सॉकेट तेवढं एकच आहे. म्हणजे ओव्हन लावायचा तर मशीन बंद, आणि गीझर चालू असताना ओव्हन लावला तर आमचं जुनं वायरिंग दम टाकतं, अख्खं घर अंधारात. त्यामुळे घोषणा करावी लागते, कुणी अंघोळीला जाऊ नका. नवरा नेमका गेलेला. खटका पडला, बाथरूममधून आरोळी आली, प्रीहीट परत पहिल्यापासून.

पहिला ट्रे आईच्या म्हणण्याप्रमाणे लगेच आत गेला. मी म्हणत होते गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवू, तूप हाताच्या उबेने सैल झालंय, मुंबईचा डिसेंबर म्हणजे काय थंडी नव्हे, बाल्कनीत दुपारचं ऊन. पण बेकरीत कुठे होता फ्रिज, या एका वाक्यावर मी हरले. दहा मिनिटांनी काचेतून बघितलं तर सगळे गोळे पसरून एकमेकांत मिसळलेले, ट्रेभर कोकणापासून विदर्भापर्यंत एकच अखंड नानकटाई. सासूबाई म्हणाल्या, "गरम आहे तोवर वड्या पाडून घ्या, वाया नाही जायचं काही." वड्या पाडल्या आणि त्या घरातल्यांनी उभ्या उभ्या संपवल्या, चवीला एक नंबर होत्या, पण शाळेत न्यायच्या लायकीच्या नव्हत्या.

मग फ्रिज. फ्रिजमध्ये जागा करणं हे स्वतंत्र प्रकरण, त्यात मोड आलेली मटकी, खवलेलं खोबरं, आणि एक झाकण लावलेला डबा ज्याच्यात काय आहे हे कुणीच कबूल करत नाही. अर्ध्या तासाने गोळे घट्ट झाले, वर सुरीने फुलीची खूण केली, दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर, आणि 160 डिग्रीवर आत. अठरा मिनिटं. नानकटाई वरून फिकीच राहिली पाहिजे, खालून फक्त बदामी. बाहेर काढली तर आईने बोट लावलं, "कच्ची आहे गं, मऊ लागतेय, टाक परत." इथे मी ऐकलं नाही. गरम असताना आतलं तूप पातळ असतं म्हणून ती मऊच लागते, थंड झाली की तूप परत थिजतं आणि तीच खुसखुशीत होते, कडक होईपर्यंत आत ठेवली की थंड झाल्यावर दगड. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं, मुलीला सांगते तसं आवाज चढवून, आणि आई पण मुलीसारखीच दुसरीकडे बघत राहिली. तडजोड म्हणून एक नानकटाई तिच्या नावाने परत आत ठेवली, आणखी आठ मिनिटं. ती थंड झाल्यावर आईने दातांनी तोडायचा प्रयत्न केला, मग चहात बुडवली, आणि म्हणाली, "मला अशीच आवडते."

पुढचे घाणे बिनबोभाट झाले. पॅकिंगच्या पारदर्शक पिशव्या मी आधीच क्रॉफर्ड मार्केटातून आणलेल्या, ख्रिसमसच्या आधी तिथे केकच्या साच्यांसाठी एवढी गर्दी असते की पिशव्या मागायला पण ओरडावं लागतं. प्रत्येक पिशवीवर कन्येने स्केचपेनने लिहिलं, "गहू आणि दूध आहे, अंडं आणि नट्स नाही". दहाव्या पिशवीनंतर अक्षर बिघडलं, विसाव्यानंतर नवरा लिहायला बसला, आणि शेवटच्या काही पिशव्यांवर "अंडं" च्या जागी नुसतं एक गोल चित्र आणि त्यावर फुली.

फनफेअरला नानकटाईला भाव होता एक कूपन. आमच्या कन्येला बापाने कूपनांचं अख्खं पुस्तक घेऊन दिलेलं, आणि ही सगळे खेळ सोडून पुन्हा पुन्हा बेक सेलच्या टेबलावर. स्वतःच्या आईची नानकटाई स्वतःच्या बापाच्या पैशांनी विकत घेतली हिने, मैत्रिणींना पण दिली, आणि वर मिसला सांगून आली की बघा, सगळी संपली. ब्राउनीवाल्या मम्मीने माझ्याकडे रेसिपी मागितली, मी लगेच ग्रॅममध्ये टाइप करून पाठवली, इतकं भारी वाटलं ना, एकही "अंदाजे" नाही त्यात. तीच मी आमच्या फॅमिली ग्रुपवर पण टाकली. आईने वाचली, अंगठा दिला, आणि संध्याकाळी निघताना परात पुसून पिशवीत भरता भरता विचारते, "तो काटा मी नेऊ का गं?"

मला भरूनच आलं, म्हटलं बघा, पटलं शेवटी, आता मापाने करणार. "ने की," म्हटलं, "सगळं वहीत लिहून ठेवत जा हं."

"वहीत कशाला? आमच्या नाक्यावरचा भाजीवाला पावकिलोला रोज मारतो मला. उद्या त्याच्या गाडीवरच ठेवते."

नेला. सासूबाईंनी आता नवऱ्याला दोन काटे मागवायला सांगितलंय, एक आमच्या मासेवालीसाठी.